ल्युकेमियाच्या इम्युनॉलॉजीत काम कसं सुरू करावं: आधी एक नळी वितळवा

"मॅडम, ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) इम्युनॉलॉजीत, म्हणजे प्रतिकारशास्त्रात, काम करायचंय. सुरुवात कुठून करू?"

दर वर्षी चार-पाच जण तरी हे विचारतात. मी पेपरांची यादी देईन अशी त्यांची अपेक्षा असते. मी त्यांना रुग्णांच्या गोठवलेल्या पेशी ठेवतो त्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीपाशी नेते, जाड हातमोजे आणि फेसशील्ड चढवायला लावते आणि सांगते, "यातली एक नळी काढ, वितळव, आणि आत किती पेशी जिवंत आहेत ते मला मोजून सांग." पहिल्या खेपेला निम्म्या पेशी जगल्या तरी नशीब. चौथ्या-पाचव्या नळीला हात बसतो. जो पाचव्या नळीपर्यंत टिकतो त्याच्याशी मग मी पेपरांबद्दल बोलते.

यात छळ काही नाही. या विषयात तुमचा कच्चा माल म्हणजे एका आजारी माणसाच्या रक्तातल्या किंवा अस्थिमज्जेतल्या पेशी, आणि त्या पुन्हा मिळत नाहीत. उपचार सुरू झाले की तो आजार त्या रूपात उरत नाही. मी वाया घालवलेली नळी कायमची वाया जाते.

नळी वितळवताना

गोठवलेल्या द्रावात साधारण १० टक्के डीएमएसओ नावाचं रसायन असतं. बर्फाचे स्फटिक पेशी फाडू नयेत म्हणून ते घालतात, पण नळी वितळली की तेच पेशींच्या जिवावर उठतं. म्हणून घाई करायची ती फक्त पहिल्या दोन मिनिटांत. नळी ३७ अंशांच्या पाण्यात हलवत राहायची आणि आत नखाएवढा बर्फ उरला की बाहेर काढायची. नळी पुसा, स्पिरिट लावा आणि तिथून पुढे घाई बंद.

पेशी मोठ्या नळीत घ्या आणि कोमट माध्यम (पेशींचा पोषक द्राव) थेंब थेंब सोडा. पहिला मिलिलिटर संपायला पुरतं एक मिनिट लागलं पाहिजे, दुसऱ्या हाताने नळी सतत हलती ठेवायची. एकदम ओतलंत तर पेशीतलं डीएमएसओ बाहेर पडायच्या आधी पाणी आत घुसतं आणि पेशी फुगून फुटतात. सगळी मेहनत या एका मिनिटात जाते किंवा राहते.

मायलॉइड ल्युकेमियाच्या नमुन्यात आणखी एक कटकट असते. मेलेल्या पेशींमधला डीएनए बाहेर सांडतो, शेंबडासारखा चिकट गोळा तयार होतो आणि चांगल्या पेशीही त्यात अडकतात. पिपेटच्या टोकाने तो उचलून फेकायचा मोह होतो. फेकू नका. माध्यमात डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) आणि त्याला लागणारं मॅग्नेशियम आधीच घालून ठेवा, गोळा दिसल्यावर धावपळ नको. व्हॉर्टेक्सवर, म्हणजे नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर, नळी धरलेली मला दिसली तर त्या दिवशी लॅबमध्ये माझा आवाज चढलेला ऐकू येईल.

गोठवताना याच्या उलट, सगळं सावकाश. मिनिटाला साधारण एक अंश या गतीने थंड व्हायला हवं, त्यासाठी आयसोप्रोपेनॉलचा डबा मिळतो. रात्रभर उणे ८० अंश, दुसऱ्या दिवशी नायट्रोजनच्या वाफेत. "सोमवारी हलवू" म्हणून उणे ८० मध्ये राहिलेल्या नळ्या मी महिन्यांनी सापडलेल्या पाहिल्यात. त्यांतून काही निघत नाही.

माझे आठ महिने

आता माझीच गोष्ट सांगते, कारण गोठवण्याबद्दल मी एवढी कटकट का करते ते त्यातून कळेल.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा प्रश्न साधा होता: अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या एनके पेशी कमजोर असतात का? एनके म्हणजे नॅचरल किलर, शिकवणीशिवाय मारणाऱ्या पेशी. त्यांची ताकद मोजायला के-५६२ नावाच्या पेशी वापरतात. एका क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाकडून १९७० मध्ये घेतलेल्या पेशींपासून हा वंश वाढवला गेला. या पेशींच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग-१ ची ओळखपत्रं जवळपास नसतातच, आणि ओळखपत्र नाही म्हटल्यावर एनके पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. के-५६२ मध्ये किरणोत्सारी क्रोमियम भरायचं, एनके पेशींबरोबर चार तास ठेवायचं आणि किती क्रोमियम बाहेर सांडलं ते मोजायचं; जितकं सांडलं तितक्या पेशी मेल्या.

आकडे देखणे आले. निरोगी माणसांच्या एनके पेशी धडाधड मारत होत्या, रुग्णांच्या ढिम्म. आठ महिने मी आलेख रंगवले, पोस्टर केलं, आजार प्रतिकारपेशींना कसा झोपवतो याबद्दल दोन पानं सिद्धांतही लिहिला. मग एके दिवशी आमच्या तंत्रज्ञ ताईंनी सेंट्रिफ्यूजचं झाकण लावता लावता विचारलं, "निरोगी लोकांचं रक्त तू कधी गोठवतेस गं?"

मी ते गोठवतच नव्हते. रुग्णांचे नमुने वेळी-अवेळी यायचे, म्हणून ते गोठवून ठेवायचे. निरोगी म्हणजे लॅबमधलेच सहकारी. सकाळी नऊला बाही वर करायचे, दहाला त्यांच्या पेशी ताज्या ताज्या प्लेटमध्ये. एनके पेशी वितळल्यावर काही तास मरगळलेल्या असतात हे तोवर माझ्या कानावरूनही गेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी स्वतःचं रक्त काढून घेतलं. निम्म्या पेशी तशाच वापरल्या, निम्म्या गोठवल्या आणि नंतर वितळवून लावल्या. गोठवलेला भाग हुबेहूब माझ्या रुग्णांसारखा वागला. मग वितळवलेल्या पेशी रात्रभर इंटरल्यूकिन-२ (प्रतिकारपेशींना चेतवणारं प्रथिन) मध्ये ठेवून पाहिल्या, तर त्यांना बरीच तरतरी आली. दोन्ही गट सारखे गोठवून सगळा प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक उरला, पण आधीच्या मानाने लहान. पोस्टर मी टाकून दिलं. वहीचं ते पान मात्र आजही नव्या मुलांना दाखवते. वरच्या कोपऱ्यात ताईंचा प्रश्न पेन्सिलीने लिहिलेला आहे.

तेव्हापासून माझा नियम: ज्या दिवशी रुग्णाचा नमुना, त्याच दिवशी, त्याच पद्धतीने, त्याच हाताने कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना. वयही जुळलं पाहिजे. साठीतल्या रुग्णासमोर पंचविशीतला विद्यार्थी बसवलात तर तुम्ही म्हातारपण मोजताय.

कंट्रोलचा रकाना आधी वाचा

प्रतिकारशास्त्रातले काही मोठे शोध ल्युकेमिया शोधणाऱ्यांच्या हाती आडवाटेनं आले. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर उंदरांतल्या ल्युकेमियाच्या विषाणूवर काम करत होते. मोठ्या उंदराची थायमस ग्रंथी काढली तर हा आजार होत नाही, हे आधीच माहीत होतं. विषाणू नवजात पिलालाच टोचावा लागे, म्हणून त्यांनी नवजात पिलांची थायमस काढली. ज्यांना विषाणू दिलाच नव्हता ती पिलंही पुढे खंगू लागली. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी, आणि दुसऱ्या वाणाच्या उंदराची त्वचा त्यांच्या अंगावर बिनतक्रार टिकायची. तोपर्यंत थायमस म्हणजे निरुपयोगी अवशेष असा समज होता. ती प्रतिकारशक्तीच्या मुळाशी आहे हे मिलरना विषाणू न दिलेल्या पिलांनी दाखवलं.

एनके पेशींचंही तेच. सत्तरच्या दशकात अनेक लॅबमध्ये लोक कर्करोगाच्या पेशींवर प्रशिक्षित लिम्फोसाइट सोडायचे आणि तुलनेला अप्रशिक्षित. अप्रशिक्षितही मारायच्या. बहुतेकांनी तो आकडा पार्श्वभूमीचा गोंगाट समजून वजा केला. स्टॉकहोममध्ये रॉल्फ किसलिंग आणि सहकाऱ्यांनी मोलोनी विषाणूच्या ल्युकेमिया पेशींवर काम करताना तो वजा केला नाही आणि १९७५ मध्ये त्या पेशींना नाव दिलं.

हे काम करायचं कसं? मी मुलांना प्रयोगाच्या आदल्या दिवशी वहीत दोन वाक्यं लिहायला लावते: "माझं म्हणणं खरं असेल तर कंट्रोलमध्ये अमुक दिसेल" आणि "खोटं असेल तर तमुक." दोन्ही वाक्यं सारखीच निघाली तर प्रयोग करू नका, रसायनं वाचतील. आणि कंट्रोल भलतंच वागला तर त्याच दिवशी पुन्हा लावा, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

नमुना येतो तेव्हा काय विचारायचं

वॉर्डातून नळी आली की आधी झाकणाचा रंग पाहा. जांभळं म्हणजे ईडीटीए, हिरवं म्हणजे हेपारिन. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे नीट धुतल्याशिवाय पेशींची कामगिरी मोजता येत नाही. हेपारिन पीसीआरमध्ये खोडा घालतं. दोन्ही कामं करायची असतील तर दोन नळ्या मागा, आणि मागताना नम्रपणे मागा. तुमच्यासाठी पेशंटला दुसऱ्यांदा टोचणार नाहीत आणि टोचूही नये.

अस्थिमज्जा असेल तर विचारा, हा कितवा ओढ? सुईतून पहिल्यांदा खेचलेला द्राव खरा मज्जेचा. नंतरच्या ओढीत रक्त मिसळत जातं आणि ब्लास्टचं (ल्युकेमियात वाढणाऱ्या अपक्व पेशींचं) प्रमाण खोटं कमी दिसतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो: स्टेरॉइड सुरू झालंय का, आणि कधी? लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने भराभर मरतात. कालपासून गोळ्या सुरू असलेल्या मुलाचा नमुना "उपचारांपूर्वीचा" म्हणून नोंदवलात, तर पुढे वर्षभर एका भुतामागे धावाल.

संमतीपत्राची प्रत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नळी उघडू नका. नळीवर नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा. एवढंच, यात वाद नाही.

सायटोमीटरवर डोळा कसा बसवायचा

"ल्युकेमिया म्हणजे पोलीसच चोर झाले" ही उपमा सगळे देतात. मला ती पटत नाही. ब्लास्ट हा फिरलेला पोलीस नव्हे. तो प्रशिक्षणातच अडकलेला भरती उमेदवार आहे. तो पुढे शिकत नाही, मरतही नाही, फक्त संख्येने वाढतो. हे चित्र डोक्यात ठेवलंत तर फ्लो सायटोमीटरचा, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडी चिकटवलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख वाचणं सोपं जातं. आडव्या अक्षावर सीडी४५ (पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन), उभ्यावर साइड स्कॅटर (पेशीतल्या दाण्यांमुळे बाजूला विखुरलेला प्रकाश). पिकलेले लिम्फोसाइट उजवीकडे खाली, सीडी४५ भरपूर. ग्रॅन्युलोसाइट वर, कारण आत दाणे भरलेले. ब्लास्ट मध्ये कुठेतरी, फिकट सीडी४५ आणि कमी दाणे असलेल्या पट्ट्यात. निरोगी मज्जेत तिथे जेमतेम ठिपके असतात. ल्युकेमियात तिथे मधमाश्यांचं मोहोळ उठलेलं दिसतं.

चौकट आखायच्या आधी तीन गाळण्या लावा. एकमेकींना चिकटलेल्या जोड्या काढा. मेलेल्या पेशींचा रंग वापरून मेलेल्या काढा, कारण त्या दिसेल तो अँटिबॉडी धरून ठेवतात. आणि मायलॉइड ब्लास्टवर अँटिबॉडीची शेपटी धरणारे एफसी रिसेप्टर असतात, म्हणून अँटिबॉडी घालण्याआधी ते बंद करा. हे न करता "ब्लास्टवर नवा मार्कर सापडला" म्हणून धावत आलेली मुलं मी पाहिलीत. सापडलेला असतो अँटिबॉडीचा शेपटीकडचा भाग.

उपचारानंतर उरलेला आजार शोधायचा असेल तर साधा गुणाकार करा. दहा हजारांत एक पेशी दिसावी असं वाटतं आणि खात्रीसाठी किमान ५० पेशींचा पुंजका हवा, तर पाच लाख पेशी मोजाव्या लागतील. यंत्रावर पन्नास हजारांवर थांबून "आजार नाही" लिहिलंत तर ते वाक्य यंत्राबद्दल आहे, रुग्णाबद्दल नाही.

पेशींच्या वंशांबद्दल थोडक्यात. जर्कॅट टी पेशी हाताला सोप्या, म्हणून सगळे वापरतात. पण त्यांच्यात पीटेन नावाचं प्रथिन नाही, त्यामुळे त्यांच्या आतला एक संदेशमार्ग कायम उघडा असतो. तिथे दिसलेलं खऱ्या टी पेशीत दिसेलच असं नाही. नवीन वंश आला की एसटीआर ओळख (वंश तोच आहे ना याची डीएनएवरून खात्री) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारे सूक्ष्म जीवाणू) तपासणी, मगच इन्क्युबेटर. आणि एका वंशाच्या तीन खाचा म्हणजे तीन नव्हेत, एकच. रुग्णांच्या बाबतीत 'एन' म्हणजे माणसं, प्लेटमधल्या खाचा नव्हेत.

पेपर कसे वाचायचे

सारांश आणि निष्कर्ष झाका. आकृत्या पाहा, त्यातही कंट्रोलची आकृती आधी. मग स्वतः निष्कर्ष लिहा आणि लेखकांच्या निष्कर्षाशी ताडून पाहा. सरावाला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं साहित्य उत्तम, कारण तिथला कंट्रोल निसर्गानेच दिलाय. डॉनल थॉमस यांच्या गटाने १९७९ मध्ये दाखवलं की दात्याच्या पेशींनी ज्या रुग्णांच्या शरीरावर हल्ला चढवला, त्यांच्यात ल्युकेमिया कमी वेळा उलटला. पुढे १९९० मध्ये मोठ्या संख्येवर दिसलं की एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा दिली तर हल्ला होत नाही, पण आजार जास्त उलटतो. जुळ्याच्या पेशींना परकं काही दिसतच नाही ना. औषधांच्या पलीकडे दात्याच्या प्रतिकारपेशीही ल्युकेमिया मारतात, हा सगळ्या विषयाचा कणा या तुलनेतून उभा राहिला. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली पहिली कार-टी पेशींची उपचारपद्धती त्याच कण्याच्या टोकाला आहे. तिच्यात रुग्णाच्याच टी पेशींना सीडी१९ (बी पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर बसवतात.

तिथेही बिघाडाचा पेपर यशाच्या पेपरआधी वाचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक केस आहे. टी पेशी तयार करताना एकच ल्युकेमिक बी पेशी चुकून त्यांच्यात राहिली आणि रिसेप्टरचं जनुक तिलाही मिळालं. तो रिसेप्टर तिच्या स्वतःच्याच सीडी१९ वर जाऊन बसला आणि ते झाकलं गेलं. टी पेशींना ती दिसेनाशी झाली आणि आजार त्या एका पेशीतून परत आला. मी हा पेपर नव्या मुलांना नळी वितळवण्याच्या दुसऱ्या आठवड्यात देते. "एखादी पेशी राहिली तर काय बिघडतं?" हे त्यानंतर कुणी विचारत नाही.

गाइड निवडताना

गाइडचं नाव आणि पेपरांची संख्या पाहून जाऊ नका. भेटीत विचारा: वर्षाला किती नमुने येतात, संमती कोण घेतं, रात्री आलेली नळी कोण गोठवतं? तिसऱ्या प्रश्नाला "होतं कसंतरी" असं उत्तर आलं तर ते काम तुमच्या गळ्यात पडणार आहे असं समजा. लॅब सोडून गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी तासभर बोला, सध्याचे विद्यार्थी खरं बोलतीलच असं नाही. हेमॅटोलॉजिस्टबरोबर आठवड्यातून एक सकाळ सूक्ष्मदर्शकाखाली स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त किंवा मज्जा) पाहायला बसू देतात का, हेही विचारा. मी वर्षभर बसले. मायलॉइड ब्लास्टमधल्या आउअर दांड्या, ती जांभळट-लाल काडी, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की आलेखातले ठिपके पेशी वाटू लागतात.

पीएचडीनंतर आजार बदला किंवा तंत्र बदला. दोन्ही एकदम बदलणारे माझ्या ओळखीत तिघे होते, तिघांचीही दोन-दोन वर्षं तळ शोधण्यात गेली. आर किंवा पायथन आत्ताच शिका. एकेका पेशीची जनुकं वाचणारी माहिती हातात आली की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. अनुदानाच्या अर्जांबद्दल मी इथे लिहीत नाही, त्यावर बोलायला लागले की माझी दुपार खराब होते.

उद्या सकाळी करायचं काम एवढंच: टाकीची यादी काढा, कुठल्या रॅकमध्ये कुणाच्या किती नळ्या आहेत ते तपासा, आणि वितळवायच्या नळीइतकाच जुना कंट्रोल शेजारी काढून ठेवा. नायट्रोजनची पातळी मोजपट्टी घालून शुक्रवारी संध्याकाळीच बघायची, शनिवार-रविवार तिकडे कुणी फिरकत नाही.